वाऱ्याच्या अंगाला
भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजल्याचा धूर आला की मला महाडच्या औद्योगिक वसाहतीतली ट्रेनिंगची ती खोली आठवते. नव्वदच्या दशकात बी.एस्सी. होऊन मी एका केमिकल कारखान्यात लागलो होतो, आणि सुरक्षेची तोंडी परीक्षा पास झालो तरच नोकरी टिकणार होती. घरात शिकलेला पहिला मीच. उत्तरं घोकून गेलो होतो, पण मुंबईहून आलेल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, गॅस सुटला तर कुठे पळाल, आणि माझी जीभच उचलेना. "बरं, घरी बोलता तसं सांगा," साहेब म्हणाले. मला कापडे गावचं आमचं शेत आणि राब भाजताना ओरडणारी आई दिसली. "आई म्हणते, धुरात काय उभा रवलास रे, वाऱ्याच्या अंगाला ये! वारा येतो तिकडं सरकायचं साहेब, धुराच्या पुढं धावायचं नाय." साहेब मोठ्याने हसले. "निम्मं ट्रेनिंग आईनंच उरकलंय की तुमचं! सोमवारपासून शिफ्टला या." बाहेर येऊन मी पोटभर श्वास घेतला. आता निवृत्तीला आलोय, तरी राबाचा धूर दिसला की पाय आपोआप वाऱ्याच्या अंगाला सरकतात, आणि छाती त्या दिवसासारखीच मोकळी होते.