भरे गावातलं होम थिएटर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी तिथून उठून जाणारा माणूस. वायर सैल असली की आवाज खरखरतो, एवढंच माझं अध्यात्म! तरीही हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून आता त्रास व्हायला लागलाय...

२००७ साल. मी घरोघरी होम थिएटर बसवून द्यायचो. भरे गावातून एका काकांचा फोन आला. त्यांचा मुलगा महेश हिंजवडीत नोकरीला होता, घरी येताना अपघातात गेला. त्यानं हौसेनं आणलेली सिस्टीम खोक्यातच राहिली. वर्षभर त्या घरात टीव्ही लागला नव्हता. वर्षश्राद्ध उरकलं आणि काकांनी मला बोलावलं. दारातच हळूच म्हणाले, "त्याची आई आजून रडली न्हाई. घरात आवाज झाला तर मोकळी हुईल..."

खोक्यांची कंपनीची सीलं मी स्वतः कापली. स्पीकरच्या जागा मीच ठरवल्या, ड्रिलही मीच मारलं. मग सोफ्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपनं मोजलं. ते ॲम्प्लिफायरमध्ये भरावं लागतं, म्हणजे सगळे आवाज ऐकणाऱ्यापर्यंत एकदम पोचतात. कोऱ्या मशीनमध्ये हे आकडे सारखे असतात. इथे पाचही वेगळे! आणि माझ्या मापाशी एकही जुळेना. वैतागलो. म्हटलं, पीसच खराब दिसतोय.

सहज विचारलं, टीव्ही बघताना बसतं कोण कुठे? काका म्हणाले, सोफा पावण्यांचा. ही कायम सैपाकघराच्या दारात, खाली, भाजी निवडत. महेशचा एकच हट्ट होता, आईला तिथून नीट ऐकू आलं पाहिजे.

उंबऱ्याशी बसून पुन्हा टेप लावला. पाचही आकडे मशीनमधल्या आकड्यांशी तंतोतंत जुळले... खरं सांगतो, पुन्हा पुन्हा टेप लावून बघितला.

महेशच्या आईला, मावशींना, सांगावं की नको, कळेना. शेवटी सांगितलं — मशीनमध्ये तुमचीच जागा आधीपासून भरलेली आहे. त्या आपल्या जागी येऊन बसल्या. मी टेस्टचा आवाज सुरू केला. ती नुसती खरखर एकेका स्पीकरमधून फिरत जाते. मावशी प्रत्येक स्पीकरकडे मान वळवून बघत होत्या. मागच्या शेवटच्या स्पीकरकडे वळल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. काका मशीन बंद करायला उठले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी लावलंय त्यानं."

भिंतीला भोकं मी त्या दिवशी पाडली. ती अंतरं आधी कुणाला ठाऊक असणार? मित्र म्हणतात, रिसेट मारून ते आकडे पुसून बघायचे होतेस, कंपनीतूनच तसे आले होते का ते कळलं असतं. असेलही... पण त्या माउलीनं वर्षानं रडून घेतलं होतं. ते आकडे पुसायला माझा हात धजला नाही.