कॉरिंथचा नकाशा आणि आमचा पद्माकर

पद्माकर माझा सख्खा भाऊ, माझ्या पाठचा. आणि आधीच सांगतो, त्याला घडवला मी. मी मिरजेत दहावी नापास, पण लंडनमध्ये सव्वीस वर्षं बस चालवली आणि एका पॅसेंजरला कधी खरचटू दिलं नाही. त्र्याऐंशीत त्याला इकडे आणला, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये चिकटवला. तिथं त्याच्या हातून पेशंटची एक फाइल आजवर हरवलेली नाही. आमचे आजोबा सांगली संस्थानच्या दप्तरात होते, ते रक्त आहे. लग्न केलं नाही त्यानं. आमच्याच स्टॅनमोरच्या घरात, वरच्या एवढ्याशा बॉक्सरूममध्ये राहतो.

दोन हजार तीनपासून मला त्याचा संशय यायला लागला. अमेरिकेहून पार्सलं यायची. लांब लांब पुठ्ठ्याच्या नळ्या. जेवला की वर जायचा आणि आतून कडी लावायचा. कडी त्यानं स्वतः बसवली होती, मला न विचारता. रोज ती खट्ट वाजायची आणि माझा घास अडकायचा.

माझी बायको सुलक्षणा म्हणाली, "अहो, बाई असेल."

"बाई काय नळीत गुंडाळून येते होय?"

एक दिवस तो कामावर गेल्यावर मी वर गेलो. भिंतीवर हा एवढा नकाशा. दोन रेल्वेलाइन एकमेकींना कापतायत, तिथं तांबडं वर्तुळ. लाइनींवर जागोजाग तांबड्या फुल्या. खाली जाड वही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोडीत लिहिलेली. आजोबांनी मोडी शिकवली ती त्यालाच. मी तेव्हा जंक्शनवर इंजिनं बघायला पळायचो. माझ्याच घरात, माझ्याच भावाची वही, आणि मला अक्षर लागेना.

संध्याकाळी धरला त्याला. "पद्या, ते गाव कुठलं?"

"तू माझ्या खोलीत गेला होतास?"

"घर माझं आहे."

त्यानं बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "कॉरिंथ. अमेरिकेत, मिसिसिपीमध्ये. आपल्या मिरजेसारखं जंक्शन आहे, दादा."

आणि मग सांगत सुटला. अमेरिकेत यादवी चाललेली, अठराशे बासष्ट साल. एक लाइन पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण, दोन्ही ह्या एवढ्याशा गावात भेटतात. गाव गेलं की दक्षिणवाल्यांची रसद तुटली; नकाशावरच्या फुल्या म्हणजे रूळ उखडले तर गाड्या अडतील त्या जागा. उत्तरेचे लाखावर सैनिक त्या गावावर चालून आले, पण त्यांचा सेनापती महासंशयी. वीसेक मैल जायला महिना लावला. थोडं पुढं सरकायचं की खंदक खणायचे. गावात दक्षिणवाले निम्मेच, त्यात पाणी घाण, माणसं आजारी. ते काय करायचे? रिकामी गाडी गावात आली की शिट्ट्या मारून जयजयकार करायचे, जणू नवी कुमक उतरली. त्याच गाड्यांतून माणसं गुपचूप बाहेर काढत होते. तटावर तोफा म्हणून लाकडाचे ओंडके. एके दिवशी सकाळी उत्तरवाले आत शिरले तर गावात कोणी नाही!

मी हसलो. "येडे होते काय? गाडी भरलेली की रिकामी, आवाजावरून कळत नाही? माझी बस चढाला लागली की डोळे मिटून सांगेन आत किती माणसं आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. खिशातून पेन काढलं आणि हातावर काहीतरी लिहिलं.

त्या दिवसापासून माझी छाती फुगली. आपला भाऊ साधा नाही! पुढं दोन हजार पाचच्या जुलैत लंडनमध्ये बॉम्ब फुटले. एक तर बसमध्येच. डेपोत सगळे एकमेकांच्या बॅगांकडे बघायला लागले. ऑगस्टमध्ये कँटीनमध्ये कोणीतरी रेल्वेच्या सिक्युरिटीवर अक्कल पाजळत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय? माझ्या भावाला विचारा. कुठला रूळ उखडला की अख्खी आर्मी उपाशी मरते, सगळं नकाशावर काढलंय त्यानं. आणि लिहिलंय अशा लिपीत की कोणाच्या बापाला वाचता येणार नाही." टेबल गप्प झालं. मला वाटलं, इम्प्रेस झाले.

सप्टेंबरात एका शुक्रवारी सकाळी दोन पोलीस दारात. एक पुरुष, एक बाई. बोलायला अगदी नम्र. सुलक्षणानं चहा दिला. पद्माकर कामावर. मीच त्यांना वर घेऊन गेलो, लपवायचंय काय? पोलीसबाईनं वही उघडली.

"ही कुठली भाषा?"

"मराठी."

"तुमची भाषा?"

"मग!"

"मग ह्या ओळी वाचून दाखवा, प्लीज."

मी वहीकडे बघितलं. सव्वीस वर्षांत घाम फुटला नव्हता तो फुटला. "मला... वाचता येत नाही," मी म्हटलं. तिनं दुसऱ्या पोलिसाकडे बघितलं आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

वही नेली, नकाशा नेला. पद्माकरला हॉस्पिटलातून परस्पर चौकशीला नेलं. आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मेडनहेडला तो ज्या हिस्टरी क्लबात जायचा, तिथं त्याचं कॉरिंथवर भाषण होतं. तीन वर्षं त्या क्लबात मागच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा त्याला उभं करणार होते.

संध्याकाळी तो घरी आला. शर्ट सकाळचाच, पण चेहरा दहा वर्षांनी म्हातारा.

"वही?"

"ठेवून घेतली. मोडी वाचणारा माणूस शोधतायत."

सुलक्षणा म्हणाली, "भावजी, पण असं कोणी सांगितलं असेल त्यांना?"

मी लगेच म्हटलं, "शेजारचा तो म्हातारा. पडद्याआडून बघतच असतो." पद्माकरनं मान खाली घातली आणि वरण-भात कालवत राहिला. मी रात्रभर त्या म्हाताऱ्याचा संशय घेतला. खरं तर तो संशय मी ओढून-ताणून आणत होतो. कँटीनमधलं गप्प झालेलं टेबल डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शनिवारी मीही मेडनहेडला गेलो. तीस-चाळीस गोरे लोक, बहुतेक रिटायर्ड. हातात कागदाचा कपटा नसताना पद्माकर पाऊण तास बोलला. रेजिमेंट, तारखा, विहिरी किती खोल, सगळं तोंडपाठ. फळ्यावर खडूनं नकाशा काढला, तांबड्या फुल्यांसकट. शेवटी एक टाय लावलेला म्हातारा उठला, आवाजात खोच होती. "तुम्ही म्हणालात, उत्तरेच्या सैन्यात रेल्वेत काम केलेली माणसं होती. ती रुळाला कान लावून सांगत होती म्हणे, की गाड्या रिकाम्या येतात आणि भरून जातात. मिस्टर पद्माकर, हे शक्य आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?"

पद्माकरनं माझ्याकडे बोट केलं. "माय ब्रदर. सव्वीस वर्षं लंडनची बस चालवतोय. मला हे त्यानं शिकवलं. त्यालाच विचारा."

सगळ्या माना वळल्या. मी उभा राहिलो. बोलायला मला कोणी कधी शिकवावं लागलेलं नाही, पण त्या दिवशी दोन वाक्यांत आटोपलं आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किचनमध्ये चहा करत होता. मी म्हटलं, "पद्या, तो शेजारचा म्हातारा नव्हता रे. मी बोललो होतो डेपोत."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून. पोलीसबाई म्हणाली, तुमच्या भावाला तुमचा फार अभिमान आहे, जरा जास्तच."

"म्हणजे काल क्लबात... माहीत असून?"

त्यानं माझा कप माझ्यापुढं सरकवला, साखर दोन चमचे, मला लागते तशी. आपला कप उचलून वर गेला. मी जिन्याखाली कान देऊन उभा राहिलो. दार लागलं. कडी काही वाजली नाही.