शिवण जुळेपर्यंत गप्प

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिऱ्याच्या खाणीवर एका ट्रकवाल्याशी भांडत होतो. फोन ठेवला आणि भांडण पुढे चालू केलं. काय करणार... शोकसभेत जो उठला त्यानं एकच सांगितलं : डॉक्टर फार भिडस्त, उभ्या आयुष्यात कुणाला टोचेल असं बोलले नाहीत. ऐकून मला किळस आली. चहा न घेताच उठलो.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र, वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर. रविवारी आमच्याकडे जेवायला असायचा. माझी ऋतुजा तेव्हा नऊ-दहा वर्षांची, झोपाळ्यावर तोंड उघडं टाकून झोपायची. हा ताटावरून तिच्याकडे टक लावून बघायचा, मग मान खाली घालून सोलकढी भुरकायचा. पोरगी वाढली तसा चेहरा लांबट होत गेला, ओठ मिटेनात. आम्ही म्हणायचो, आत्यावर गेलीय. हा तेव्हाही गप्प.

कॉलेजात गेल्यावर तिला पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता येईना, तेव्हा मीच तिला त्याच्या दवाखान्यात नेलं. त्यानं फोटो काढून पडद्यावर दाखवला. टाळूच्या मधोमध एक शिवण असते, म्हणाला. लहानपणी ती सैल असते. टाळूला स्क्रूवाली पट्टी बसवून रोज जराशी चावी फिरवली की वरचा जबडा रुंद होतो, दातांना जागा मिळते. "हिची जुळून गेलीय. आता हाड कापावं लागेल."

"कापायचं कशाला? वर्षभर चावी फिरवून बघू. दोन वर्षं घे."

"हाडाशी घासाघीस नाय चालत, बाबल्या."

"मग इतकी वर्षं माझ्याकडे मासे गिळत होतास, तेव्हा का नाय बोललास?"

तो चष्मा पुसत राहिला. "भीड वाटली रे. जेवायला येतो नि पोरीत पेशंट शोधतो, असं वाटलं असतं तुला."

"वाटू द्यायचं होतंस, मेल्या!"

खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. तासायचा तो आधीच. माझं पोटच त्यावर चालतं. मला एका वाक्यात कळलं असतं...

कोल्हापुरात ऋतुजाचा जबडा कापला. सुजलेल्या तोंडानं ती पेज प्यायची, अर्धी पेज गालावरून ओघळायची. सुधाकर बाहेरच्या बाकावर बसून होता. मी त्याच्याशी बोललो नाही, तो मरेपर्यंत बोललो नाही. ऋतुजा मात्र त्याच्यासाठी ढसाढसा रडली. तेही मला पटलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, दवाखान्यातली खुर्ची विकायचीय. भाव तुम्हीच करा." खुर्ची बघायला चिपळूणहून एक तरुण डॉक्टरीण आली होती. खुर्ची मागे कशी जाते ते दाखवायला मी आडवा झालो. तिनं दिवा लावला, वाकून माझ्या तोंडात बघितलं.

"काका, झोपेत घोरता ना? टाळू अरुंद आहे तुमची. घरात लहान मुलं असतील तर दाखवून घ्या, लवकर."

"ओळख ना पाळख, सरळ तोंडावर बोलता?"

"दिसलं, म्हणून बोलले."

तिनं सांगितलेल्या पहिल्याच भावात मी खुर्ची दिली. वहिनी बघतच राहिल्या. खुर्ची टेम्पोत चढली आणि फरशीवर तिचा फिकट चौकोन उरला. त्याच्याकडे बघत मी सुधाकरला पोटभर शिव्या घातल्या, मोठ्यानं. वहिनी दारातच उभ्या होत्या. मला भीड वाटली नाही.