पुराच्या गावात मागितलेलं पाणी

या वेळच्या पोस्टमध्ये एकही फोटो नाही. नेहमीच्या वाचकांनी आधीच ओरडा करू नये, त्याचं कारण पुढे येईलच. खरं तर त्या शनिवारी मी पितळखोऱ्याची लेणी बघायला निघणार होते. पाऊस एवढा झाला की तिकडचा रस्ताच बंद पडला, आणि माझी भरलेली बॅग हॉलमध्ये तशीच पडून राहिली. ऑफिसातली माझी शेजारीण शोभा म्हणाली, "बॅग भरलेलीच आहे ना? मग चल आमच्यासोबत. पिशोरच्या पुढं एका गावात पाणी शिरलंय. आमच्या विहारातनं टेम्पो चाललाय."

शोभा आणि मी कैक वर्षं टेबलाला टेबल लावून बसतो. तिच्या डब्यातली वांग्याची भाजी अर्धी माझ्याच पोटात जाते. पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून गारखेड्यातल्या विहारात जाते, आणि कुठे पूर आला, आग लागली की दोन दिवसांची रजा टाकून गायब होते. हे लोक तिथं जाऊन नेमकं करतात काय, हे मला कधीचं बघायचं होतं. नवरा म्हणाला, "तू मदतीला चाललीस की बघायला?"

"दोन्ही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

आदल्या दिवशी खरेदीला गुलमंडीत गेलो. (गाडी नेऊ नका हो, पार्किंगपायी अर्धा दिवस जातो. रिक्षा बरी.) चादरींच्या दुकानात भाईजाननी पातळ चादरींचा गठ्ठा पुढे टाकला. "बाजी, बाँटने के वास्ते होना तो ये लेव. सस्ती पड़ती."

शोभानं तो गठ्ठा उघडूनही न बघता बाजूला सारला. "नको भाई. घर में मेहमान आया तो जो बिछाते, वो दिखाओ."

भाईजाननी तिच्याकडे एकदा बघितलं आणि वरच्या फळीवरचा माल काढला. भाव मात्र पातळ चादरीचाच लावला. मी घरून जुन्या कपड्यांची पिशवी आणली होती, ती शोभानं उघडून बघितली आणि गुमान माझ्याच खांद्याला अडकवली. "हा फाटक्या कोपराचा स्वेटर तू घालशील का? मग ते कशाला घालतील?" पिशवी आली तशी घरी गेली.

शनिवारी उजाडता उजाडता विहारासमोर जमलो. शोभा पांढरी साडी नेसूनच आली होती. त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं आणि टेम्पो हलला. पीठ, डाळ, चादरी, नवी भांडी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके हे सगळं अपेक्षित होतं. पण एका कोपऱ्यात ताडपत्रीत गुंडाळलेली लाकडं होती. मला काही कळेना. भीमरावसर, म्हणजे या मंडळींचे म्होरके, शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून वर्गातलाच. ते म्हणाले, "पुरानंतर पीठ सगळेच आणतात हो. कोरडं जळतण कुणी आणत नाही. मग लोक पिठाकडे बघत बसतात."

फुलंब्रीला चहा-पोहे. पोहे तीस रुपये, वर शेव मागितली तर दुकानदार हात आखडत नाही. तिथून पुढे रस्त्याचे हाल आहेत. पुलावरून अजून पाणी वाहत होतं, तिथं गावकरी सांगतील तसंच जा, मोबाइलवरच्या नकाशाचं ऐकू नका. आणि गमबूट न्याच. माझे चांगले चालण्याचे बूट दुपारपर्यंत चिखलानं खाल्ले.

वाटेत सरांनी मला नवखी म्हणून नियम सांगितले. फोटो काढायचा नाही. दोन्ही हातांनी द्यायचं. आणि देण्याआधी त्या घरातून काहीतरी मागून घ्यायचं.

"अहो सर, ज्यांचं वाहून गेलं त्यांच्याकडे काय मागायचं?"

"काहीही. सुई, विस्तव, बसायला जागा. घर बुडालं की जो येतो तो त्याला द्यायलाच येतो. चार दिवस नुसतं घेऊन घेऊन माणूस खचतो. त्यालाही दान करू द्या की. आपणच किती करायचं?"

मला ते पटलं असं नाही, पण गंमत वाटली. तेवढ्यात शोभा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते गाव माझं आजोळ आहे. आईचं माहेर. लहानपणी आजीसोबत खळ्यावर जायचे."  

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नदीकाठचा अर्धा भाग गाळानं भरला होता. ज्वारीच्या कणग्या भिजून आंबल्याचा वास गल्लीगल्लीत होता. चावडीपाशी आमच्या टेम्पोभोवती लोक जमले, पण मधल्या आळीतल्या एका मोठ्या घरातून कुणीच आलं नाही. मी आपली नाक खुपसत तिथं गेले. ओसरीवर साठी-सत्तरीच्या एक बाई, सगळ्यांच्या अक्का, ताठ बसल्या होत्या. आत खाटेवर त्यांची सून रेखा, कुशीत काही दिवसांचं बाळ.

रेखानं मला हळूच जवळ बोलावलं. "अक्काला सांगू नका. चूल पेटून दोन दिस झाले. मालक जनावरं घेऊन माळावर हायेत. म्या कोरड्या बिस्किटावर हाय, दूधच येईना मला. शेजारनी भाकरी घेऊन आल्या, तर अक्कानं माघारी धाडल्या."

"का पण?"

"आमच्या दारातून माणूस पायली भरून घेऊन जायचा म्हनत्यात. आता आपुन पदर पसरायचा का?"

बाळ रडत होतं, आणि त्याचा आवाज बारीक झाला होता. मला अक्कांचा असा संताप आला म्हणता! मान मोठा की नातू? तोंडावर आलेलं मी कसंबसं गिळलं आणि शोभाला बोलावून आणलं.

अक्कांनी माझं आडनाव विचारलं. देशपांडे म्हटल्यावर "या बाई, वर बसा" झालं. शोभाचं आडनाव त्यांनी विचारलंच नाही. पांढऱ्या साडीवरून त्यांना कळायचं ते कळलं होतं. शोभा अंगणातच उभी राहिली.

"अक्का, प्यायला पाणी मिळंल का?"

मी कपाळावर हात मारायची बाकी राहिले. टेम्पोत पाण्याचे खोकेच्या खोके, आणि ही बाई बुडालेल्या घरात पाणी मागते!

अक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठल्या, आत गेल्या. पुरात भांडी वाहून गेली होती, चुलीपाशी एक पितळी तांब्या तेवढा उरला होता, अक्कांचा रोजचा. त्यात हापशाचं पाणी भरून त्या पायरीपर्यंत आल्या.

आणि शोभानं काय करावं? खाली वाकून ओंजळ पुढे केली.

ऑफिसात साहेबाला तोंडावर "हे बरोबर नाही" म्हणणारी शोभा. जिच्या पुढ्यातला ग्लास मी रोज न विचारता उचलते ती शोभा. तिची ती ओंजळ आपोआप पुढे झाली होती, लहानपणी आजीसोबत खळ्यावर शिकलेली असावी. तिलाही ते कळलं असावं, कारण हात तसेच ठेवून ती स्वतःच त्या हातांकडे बघत राहिली.

अक्कांचा तांब्या वर उचलला गेला होता. तो थांबला. मग खाली आला.

"ओंजळ कशाला, बाई? तांब्या घे हातात."

शोभानं तांब्या घेतला. घटाघटा पाणी प्याली आणि पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. अक्का म्हणाल्या, "माझी सासू वरून वतायची. म्या बघितलंय. लई बघितलंय." मग एकदम खेकसल्या, "आता पानी पेलीस, तशीच उपाशी जातीस का? या घरातून पानी पिऊन कुनी उपाशी गेलं नाय!"

म्हणाल्या खऱ्या, आणि मग त्यांचं लक्ष विझलेल्या चुलीकडे गेलं. घरात मूठभरही पीठ नव्हतं.

शोभा तेवढ्यासाठीच टपली होती. "पीठ आमच्याकडं हाय, जळतणबी हाय. चूल तेवढी तुमची पायजे. आम्ही इतकी माणसं, रांधायचं कुठं?" ऑफिसातली भाषा कुठल्या कुठे पळाली होती.

अक्कांनी पदर खोचला. "बाजरी हाय का? बाळंतिनीला ज्वारी नको."

बाजरी होती. त्या दुपारी अक्कांनी स्वतः भाकरी थापल्या. शोभा चुलीत लाकडं सारत होती आणि मी, जिला भाकरी येत नाही, कांदे फोडत होते. त्यावरून दोघींनी मिळून माझी यथेच्छ टिंगल केली. अक्कांनी आधी सरांसकट आम्हाला सगळ्यांना वाढलं, पाहुणे ना आम्ही! "घे अजून, लाजू नको," म्हणत. शेवटी ताट रेखाकडे गेलं. ती इतकी भराभर जेवली की सर उठून अंगणात गेले. मी मात्र तिथंच बसून रडले. घरी नवऱ्याला मुद्दाम सांगितलं, बघायलाच गेले होते म्हणून बरं झालं, नाहीतर त्या घरात डोकावले नसते.

मुक्काम शाळेच्या खोलीत, सतरंजीवर. डास भयंकर, मलम न्या.

रविवारी सकाळी जाऊन बघते तर अक्कांच्या ओसरीवर सात-आठ बायका भाकरी थापतायत. माघारी धाडलेल्या शेजारणीही त्यात होत्या. अक्का मधोमध बसून हुकूम सोडत होत्या. नदीपल्याडच्या वस्तीवर अजून कुणी पोचलं नव्हतं, त्यांच्यासाठी हा सगळा कारभार. भाकरींची टोपली टेम्पोत ठेवताना अक्कांनी सरांना बजावलं, "दोन्ही हातांनी द्या बरं."

सर म्हणाले, "होय, अक्का."

निघताना अक्कांनी शोभाला विचारलं, "तुझी माय कुन्या गावची?"

"इथलीच."

अक्कांनी तिला हातानंच थांबायची खूण केली. मग आत जाऊन तो तांब्या घेऊन आल्या. "मग तू गावाची भाची. भाचीला रिकाम्या हातानं धाडत नसत्यात. वटी भरायला घरात काय नाय. हे ने."

मी शोभाला चिमटा काढला, अगं, घरातलं एकुलतं एक भांडं! शोभानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नियम नियम आहे. दोन्ही हातांनी घ्या." तिनं घेतला. आमच्या सामानातले नवे तांबे-पेले मी गुपचूप रेखाच्या खाटेखाली सारून आले.

परत येईतो संध्याकाळ झाली. शोभाच्या घरी चहाला थांबले. तिची आई खूप थकलीय, माणसं ओळखते पण मध्येच हरवते. शोभानं तांब्यात पाणी भरून तिच्यापुढे धरलं आणि कुठून आला ते सांगितलं. कुणाच्या घरून, कुणी दिला, तेही. म्हातारीनं तांब्या फिरवून फिरवून बघितला. कानाशी लावून बोटानं वाजवला. आपल्याकडे तांब्याला तोंड कुणी लावत नाही, वरून पितात, उष्टा होतो म्हणून. तिनं दोन्ही हातांनी धरला, सरळ ओठांना लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

पाणी आमच्या गारखेड्याच्याच नळाचं होतं, आठवड्यापूर्वी पिंपात भरून ठेवलेलं.

"गोड हाय गं," ती म्हणाली, आणि तांब्या पुन्हा पुढे केला. "अजून वत."