खिडकीतली मावशी

माझ्या मावशीला पाहायला लोक तिकीट काढून यायचे. आम्हाला तिकीट माफ होतं, आणि त्या एका सवलतीपायी माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या खोट्या गावात वाया गेल्या.

खोटं गाव म्हणजे खरोखरच खोटं. समुद्राकाठी, खडकांच्या आडोशाला, एका सिनेमासाठी ते उभारलं होतं. मच्छीमारांची वाकडीतिकडी लाकडी घरं, निळे-पिवळे दरवाजे, एक बुटकं दीपगृह. सिनेमा पडला, सेट मात्र उभा राहिला. शूटिंग संपल्यावर तो मोडून लाकूड विकायचं ठरलं होतं, पण आसपासची माणसं पोराबाळांना घेऊन बघायला येऊ लागली आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की मोडण्यापेक्षा फाटक बसवावं. फाटक बसलं. मग झोपाळे आले, होडीची फेरी आली, गावभर फिरणारी छोटी आगगाडी आली.

घरांना फक्त तोंडं होती. मागे टेकू, वाळूची पोती आणि वाढलेलं गवत. पोस्टात आइस्क्रीम मिळायचं. दवाखान्याच्या पाटीमागे स्वच्छतागृह होतं. बेकरीतले पाव प्लास्टरचे होते आणि त्यांतला एक मी लहानपणी चावला आहे. माझा पुढचा दात अजून किंचित तिरका आहे तो त्यामुळेच.

मावशी तिथे आली ती सिनेमाच्या शिंप्याच्या हाताखाली काम करायला. आईची थोरली बहीण, हात चांगला, डोक्यात एकच स्वप्न: रस्त्यावर दार उघडणारं स्वतःचं शिवणकामाचं दुकान. कपडे टाचून बघायला शिंप्याकडे पुतळा नव्हता, म्हणून मावशी ते स्वतःच्याच अंगावर टाचायची. त्यातच घोळ झाला. खिडकीत उभं राहून, समुद्रावर निघालेल्या नवऱ्याला रुमाल हलवून निरोप देणाऱ्या बाईचा हिरवा झगा मावशीने शिवला, आणि ऐन वेळी तो नटीला बसेना. सूर्य बुडत चाललेला. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला आणि ओरडला, "मग हा बसतो तरी कुणाला?" सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं.

पडद्यावर ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसते. पण फाटकावरच्या पाटीवर नेमका तोच फोटो लागला. आलेले लोक विचारायला लागले, खिडकीतली बाई कुठे आहे? तेव्हा मावशीला सांगितलं गेलं की एवढा हंगाम बस खिडकीत, मग जा. ती बसली ती बसलीच. मी जन्मले, शिकले, नोकरीला लागले, आणि मावशी आपली खिडकीत.

त्या खिडकीमागे खोली नव्हती. मागच्या बाजूने शिडी चढून फळ्यांच्या माळ्यावर जायचं. वर एक स्टूल, हाताने फिरवायचं शिलाई मशीन आणि पाण्याची बाटली. आगगाडी खाली येऊन थांबली की घंटा वाजायची. मावशीने उठायचं, समुद्राकडे पाहायचं, रुमाल हलवायचा, डोळे टिपायचे, आत व्हायचं. गाडी गेली की कर्मचाऱ्यांच्या पँटींना चेन लावायला बसायचं. नियम असा की खिडकीतली बाई खाली कुणाला दिसता कामा नये. म्हणून ती फाटक उघडण्याआधी वर चढायची आणि बंद झाल्यावर उतरायची. जेवणाचा डबा दोरीने वर जायचा. अंग सुटत गेलं तसा झगा उसवून उसवून वाढवला. शेवटी कापड संपलं तेव्हा तिने पाठ सरळ कापून टाकली आणि नाड्या लावल्या. त्या गावातल्या घरांसारखं तिच्या झग्यालाही फक्त पुढचंच उरलं.

लग्न एकदा जमत आलं होतं. मुलाकडची मंडळी बघायला म्हणून आली ती नेमकी आगगाडीत बसून आली. मुलाची आई म्हणाली, दिवसभर परक्यांना हात करणारी सून आम्हाला नको. मावशी हे हसून सांगायची. मला त्यात हसण्यासारखं कधी काही सापडलं नाही.

आई दर वर्षी हंगाम संपता संपता तिला आणायला जायची. मला बरोबर न्यायची. आणि दर वर्षी मावशी म्हणायची, "हा हंगाम जाऊ दे गं, पुढच्या वेळी नक्की." आई रडायची, चिडायची, अबोला धरायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिशवी घेऊन हजर. मला मावशीचा राग यायचा. कुणी बांधून ठेवलंय का तुला, असं मी एकदा तोंडावर विचारलं. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "खाली चालताना मला सारखं वाटतं, कुणीतरी बघतंय. वळून पाहावं तर कुणीच बघत नसतं. दोन्हींचा त्रास होतो."

तिथला व्यवस्थापक कप्तानाचा वेश करायचा. दाढी चिकटवलेली, टोपीला नांगर, आणि होडीत पाय ठेवला की ओकाऱ्या. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. कधी मावशीवर आवाज चढवला नाही. तिने जायचं नाव काढलं की हात जोडायचा. "बाई, तुम्ही म्हणजे या गावाचा जीव. तुम्ही गेलात तर इथे राहिलं काय? प्लायवूड!" एखादी तरुण मुलगी ठेवा म्हटलं तर सांगायचा, ठेवून बघितली, लोक म्हणतात ही ती नव्हे. वाईट माणसाला दोन शिव्या हासडून निघता येतं. या गोडबोल्यापुढे मावशी विरघळायची.

यंदा मात्र आईने कंबर कसली. आमच्या घरातली रस्त्याकडची खोली रिकामी केली, भिंती रंगवल्या, कापड बेतायला लांब टेबल आणलं. तिथवर प्रवास करणं आता आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, तरी शेवटचं म्हणून आम्ही गेलो. मावशीच्या खोलीत (ती बेकरीच्या तोंडामागे होती, एक खाट आणि एक स्टोव्ह मावेल एवढी) सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "ताई, खोली तयार आहे. तुझ्यासाठी केलीय. यायचं तर आज चल. मी पुन्हा बोलवायला येणार नाही."

मावशीने कप खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. "दुपारची फेरी झाली की उतरते."

इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते इतक्या सहज ऐकू आलं की आईने बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन टाकला. मावशीने स्वतःच्या हाताने कपडे बॅगेत भरले. मग झगा घातला, नाड्या बांधायला माझ्याकडे पाठ केली, आणि वर चढायला गेली.

दुपारची फेरी झाली. आम्ही खिडकीसमोरच्या बाकावर बॅग घेऊन बसलो होतो. मावशी उतरली नाही. पुढची गाडी आली, घंटा झाली, मावशीने रुमाल हलवला, डोळे टिपले, आत गेली. त्यानंतरची आली. तेच. आमच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मागच्या बाजूला जायच्या फाटकावर पहारेकरी, तो आम्हाला सोडेना. मी तणतणत कप्तानाकडे गेले. तो म्हणाला, "मी काय त्यांना धरून ठेवलंय? यायचं असेल तर येतील. बघा, किती छान हात हलवतायत."

उन्हं उतरली. परतीची बस सुटायची वेळ होत आली. आई खिडकीकडे बघत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"चल," ती म्हणाली.

"अजून जरा..."

"नाही. तिला नाही यायचंय. कळलं मला." आईने गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. मावशीची बॅग तिने बाकावरच ठेवली, आणि आम्ही फाटकाच्या वाटेला लागलो.

मागून टाळ्यांचा आवाज आला. वळून बघते तर मावशी खिडकीत. घंटा झाली नव्हती, गाडी नव्हती. ती अर्धी बाहेर वाकली होती आणि दोन्ही हात हलवत होती. तोंड उघडं, काहीतरी ओरडत होती. पण कर्ण्यावर सिनेमातलं गाणं लागलेलं, खाली लाटा, एक अक्षर कळेना. लोक जमा झाले. बाप पोरांना खांद्यावर घेऊन उलट हात करायला लावत होते. एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. "काय जीव ओतलाय!" कुणीतरी म्हणालं. जितका टाळ्यांचा जोर, तितकी मावशी अजून वाकत होती.

"आई," मी म्हणाले, "निरोप देतेय बघ."

आई वळली. क्षणभर टक लावून बघत राहिली.

"निरोप कसला देतेय? हात आत ओढतेय ती. बोलावतेय मला!"

त्यानंतर आईचे गुडघे कुठे गेले देव जाणे. तिने पहारेकऱ्याला असं काही ढकललं की त्याची शिट्टी खाली पडली. मी मागून धावले. घराच्या मागच्या बाजूला गवतात शिडी आडवी पडली होती. वर माळ्यावर मावशी आमच्याकडे वळून गुडघ्यांवर बसली होती, हिरव्या झग्याच्या कडेने आतला जुना स्वेटर बाहेर आलेला, आणि लहान मुलासारखी हुंदके देत होती. मी शिडी उचलून लावली. आईने ती खाली घट्ट धरली आणि वर बघून दरडावलं, "हळू उतर. घाई करू नकोस. मी आहे इथे."

मावशीचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच कप्तान धापा टाकत आला. दाढी एका बाजूने सुटलेली, डोळे पाणावलेले. "बाई, काय केलंत! लोक ढसाढसा रडतायत बाहेर! शेवटच्या फेरीला रोज हेच करायचं. अगदी हेच!"

"मी ‘शिडी आणा’ म्हणून ओरडत होते," मावशी म्हणाली.

"तेच! तेच ओरडा! कुणाला ऐकू थोडंच येतंय?"

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं, आता ही हो म्हणणार. ओठ हललेसुद्धा. मग तिने आईचा हात धरला आणि चालू लागली.

झगा बदलायला वेळ नव्हता. भर गर्दीतून, रस्त्याच्या मधोमध, नाड्या लोंबत ती चालली. बाकावरची बॅग मी उचलली. लोक बाजूला होत होते आणि बघत होते. पोस्टासमोर आइस्क्रीम खाणारी एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "बाबा, खिडकीतली बाई! पण ही तर म्हातारी आहे!"

बापाने तिचं तोंड दाबलं. मावशी थांबली.

"आजच झाले," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.

बस मिळाली ती धावत. मावशीला खिडकीजवळची जागा दिली तर ती नको म्हणाली, मधे बसली, आईला चिकटून. तिचा चेहरा पांढराफटक होता. माझा मात्र पारा चढलेला. शिडी पाडली कुणी? टेकू ठोकत फिरणारा तिथला सुतार असणार, दुसरं कोण! माणूस वर असताना शिडी हलवतात? पडली असती म्हणजे? उद्या परत येते आणि त्याला चांगला फैलावर घेते, असं माझं चालू होतं.

"त्याला काही बोलू नकोस," मावशी म्हणाली. "मीच ढकलली पायाने."

आईने मान वळवली.

"दुपारची फेरी झाली आणि मी शिडीकडे गेले," मावशी मांडीवरचा झगा चुरगाळत म्हणाली. "पाय खाली टाकवेना. वरही बसवेना. म्हटलं, शिडीच नसली तर प्रश्न मिटला. तुम्ही बसाल, रागवाल, जाल. रात्री सुतार येऊन उतरवेल मला. पुढच्या वर्षी तू येशीलच."

"मग ओरडलीस कशाला?" आईने विचारलं.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"तू खरंच उठलीस गं," ती म्हणाली.