पाटी की चिठ्ठी

संस्थेत त्यांना सगळे पाटीमास्तर म्हणत. नाव ठेवलं होतं चिठ्ठीबाईंनी. आणि बाईंचं नाव ठेवलं होतं मास्तरांनी, म्हणजे फिट्टंफाट.

दोघांचं भांडण एकच, पण ते नोकरीभर पुरलं. हवामानाचं गणित एका संगणकाला झेपत नाही, म्हणून पुष्कळ संगणक तारांनी जोडून कामाला जुंपायचे, इथवर एकमत. पुढे फाटे. मास्तरांचं म्हणणं, प्रत्येकाची मेमरी वेगळी असली तरी सगळ्यांपुढे एकच सामाईक पाटी आहे असं भासवावं. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्याला ताप नको. तसं भासवणारी प्रणाली त्यांनी एकट्यानं, डोळे फोडून लिहिली होती.

"भासवणं फुकट होत नाही, मास्तर," बाई चहाचा कप आपटत म्हणायच्या. "ज्याला जे हवं ते त्यानं चिठ्ठी पाठवून मागावं. तुमची पाटी म्हणजे घरात दोघांत एक चष्मा. त्यानं पेपर वाचायचा, तिनं सुईत दोरा ओवायचा. दिवस जाणार चष्म्याची देवघेव करण्यात."

मग बाई निवृत्त झाल्या आणि लेकाकडे दुसऱ्या शहरात गेल्या. मास्तरांचं लग्न राहून गेलं होतं, भाऊबंद लांबचे. डबा ते भिंतीकडे तोंड करून खाऊ लागले. बाईंचा नंबर होता, पण फोन करायला निमित्त नव्हतं. भांडणापलीकडे दोघं कधी काही बोललेच नव्हते. आता 'कशा आहात' म्हणून फोन करायचा तर जीभ अडखळायची.

अशात नवे संगणक आले आणि त्यांवर पाटी चालवायची की चिठ्ठ्या, हे ठरवायला बैठक बसली. मास्तर वर्षभरात निवृत्त व्हायचे. प्रणाली घेतली तर ती त्यांच्यामागे चालणार होती, नाहीतर पुसली जाणार होती. मुलंबाळं नसलेल्या माणसाला याचं काय वाटतं ते काय सांगावं!

मास्तरांनी मांडणी केली. तरुण मंडळींनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. एक जण टेबलाखाली मोबाइल चाळत होता.

"मास्तर म्हणतात तर होऊन जाऊ दे," संचालक म्हणाले. "कोणाला शंका?"

एकही हात वर आला नाही. मास्तर जिंकले होते, तरी ते खाली बसले नाहीत. त्यांनी चाचणी घेतलेली होती. शेजारच्या दोन संगणकांचे आकडे वेगवेगळे, पण मेमरीच्या एकाच पानावर पडत, आणि मेमरी मागवायची तर अख्ख्या पानानंच यायची. एकानं आपला आकडा बदलला की दुसऱ्याकडचं अख्खं पान शिळं, मग ते पुन्हा मागवा. संगणक निम्मा वेळ वाट बघत बसत. बाई असत्या तर पहिल्या मिनिटाला मानगूट धरली असती. इथे कोणी विचारलंच नाही.

"मला शंका आहे," मास्तर स्वतःच म्हणाले.

आणि मग त्यांनी पान सांगितलं, वाट बघणं सांगितलं, चष्मासुद्धा सांगितला. बोलता बोलता ते टेबलावर कप आपटल्यासारखा हात आपटू लागले. अर्ध्या तासात चिठ्ठ्या मंजूर झाल्या. "चला, सुटलं एकदाचं," असं म्हणून मंडळी जेवायला पांगली.

मास्तरांनी जिन्यात उभं राहून फोन लावला. आता निमित्त होतं.

"बाई, तुम्ही जिंकलात."

"कोण? मास्तर? अगंबाई! काय जिंकले?"

त्यांनी सगळं सांगितलं. आपण त्यांची बाजू कशी बिनतोड मांडली ते जरा रंगवूनच सांगितलं. त्या खूश होतील, हसतील, टोमणा मारतील, असं त्यांना वाटत होतं.

बाई हसल्या नाहीत.

"माझ्या बाजूनं तुम्ही बोललात," बाई म्हणाल्या. "मग तुमच्या बाजूनं कोण बोललं?"



"कोणी नाही," ते म्हणाले.

"मला बोलवायचं होतंत की हो," बाई म्हणाल्या.