अंबाड्याच्या मापाची गाडी

आमच्या स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर मी आता कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावते. सून म्हणते, "आई, तिथे कुणाला दिसणार आहे ते?" मी म्हणते, "मला दिसतं, बास." खरं कारण तिला सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचं त्या पलीकडच्या म्हाताऱ्याला मराठी वाचता येत नाही. येत नाही तिथेच तर सगळं झालं.

पहिल्यापासून सांगते. मुलगा वॉलॉंगॉंगला शिकायला आला, नोकरीला लागला, इथलाच झाला. आम्ही दोघं मागाहून आलो. त्याच्या घरामागच्या अंगणात दोन खोल्यांचं वेगळं घर आहे, त्यात आम्ही राहायचो. मी अजून राहते. हे मुंबईत एका कारखान्यात फिटर होते, सगळा जन्म लोखंडात गेला. इथे आल्यावर हात रिकामे झाले आणि माणूस अर्धा झाला. नळ गळत नसला तरी उघडून बघायचे. नातीच्या सायकलची चेन आठवड्यातून तीनदा काढायचे. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, प्लीज, इट्स फाइन!"

मग कुंपणापलीकडचा म्हातारा भेटला. तोही जन्मभर वेल्डिंग केलेला, बायको गेलेली, एकटा. पहिल्याच दिवशी मला "हाउ यू गोइंग, लव्ह?" म्हणाला आणि मी घाबरून घरात आले. ह्यांना सांगितलं तर हसून हसून खोकला लागला. म्हणे, "अगं, इथे दुकानातली बाईसुद्धा लव्ह म्हणते. तुला कोण पळवून नेणार आहे या वयात?"

एका शनिवारी म्हाताऱ्याने डोंगरापलीकडच्या कुणाच्या तरी शेतावरून ट्रेलरवर घालून एक गाडी आणली. गाडी कसली, सांगाडा. नव्वद वर्षांची, दोन दारांची, इंजिन नाही, तळ सडलेला. आत कोंबड्यांची पिसं. मी म्हटलं, "ही काय कोंबड्यांची गाडी आहे का?" नात म्हणाली, "आजी, दे आर मेकिंग अ रॅट रॉड!"

"बरं. कोंबड्या गेल्या, उंदीर आले."

पण ह्यांचे डोळे मी बघितले ना. त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की माणूस कुंपणाच्या फाटकातून पलीकडे. जेवायला हाक मारावी लागायची. मला कळलं ते एवढं, की जुन्या गाडीचं धूड घ्यायचं, त्यात भलत्याच गाडीचं इंजिन घालायचं, रस्त्याला टेकेल इतकी खाली बसवायची, छप्पर कापून बुटकं करायचं, आणि रंग मात्र द्यायचा नाही. गंज तसाच ठेवायचा आणि वर मिरवायचा! मला हे कसं पटावं? एकदा दोघं चहा पीत बसलेले बघून मी चिंच-मीठ घेऊन एक दार घासायला लागले. दोन्ही म्हातारे असे ओरडत धावले, जसा काही मी कुणाचा खूनच करत होते.

"अगं बाई, नव्वद वर्षं लागली त्या रंगाला!"

"तव्याला लागला असता तर फेकून दिला असतात."

भाषेची अडचण म्हणाल तर त्यांना कधी आली नाही. ह्यांचं इंग्रजी कारखान्यातलं, म्हाताऱ्याचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. पण एकाला इंच कळायचा आणि दुसऱ्याला सूत. आमच्याकडचे फिटर इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. महिन्याभरात तो गोरा म्हातारा "टू सूट मोर, मेट" असं ओरडायला लागला. गिअरच्या दांड्यासाठी ह्यांनी मुंबईहून सोबत आणलेला स्वतःचा पाना दिला. कारखान्यातला शेवटच्या दिवसापर्यंत वापरलेला. तोच वेल्ड करून बसवला.

हे खडूने पत्र्यावर लिहायचे. मराठी शाळेत शिकलेला माणूस, आकडे कायम मराठीच काढायचे. म्हाताऱ्याला दोन आणि तीन वाचता यायचे, कारण ते दोन्हीकडे दिसायला सारखेच. त्यामुळे त्याला वाटायचं, आपल्याला ह्याचे आकडे वाचता येतात.

ह्यांचं हृदय तेव्हाच थकलेलं होतं. पंपिंग कमी झालंय, जपून राहा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी गाडीवरून बोलले की म्हणायचे, "एवढी होऊ दे. तुला शेजारी बसवणार आणि समुद्राच्या कडेकडेने घेऊन जाणार. एकदा. मग तू म्हणशील तसं झोपून राहतो." मुंबईत आमच्याकडे फक्त सायकल होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी कॅरिअरवर बसून ह्यांची पाठच बघितली. तेच त्यांच्या मनात होतं. "आयुष्यभर मागे बसवली तुला," म्हणायचे. "एकदा शेजारी बस."

छप्पर किती कापायचं यावरून दोघांत रोज वाद. म्हातारा म्हणायचा, जितकं बुटकं तितकी शान. हे म्हणायचे, "मी माप घेऊन सांगतो." एके दिवशी म्हातारा मुलीकडे गेलेला होता. ह्यांनी मला बोलावलं, दुधाचा प्लास्टिकचा क्रेट गाडीत उलटा ठेवला आणि म्हणाले, "बस."

बसले. लोखंडी पट्टी घेऊन माझ्या डोक्यापासून छपरापर्यंत मोजायला लागले. मोजतात, पुसतात, परत मोजतात.

"अगं, तो अंबाडा सोड की जरा. एवढा उंच कशाला?"

"नाही सोडणार. लग्नात होता, आत्ताही आहे. तुमच्या उंदीरगाडीसाठी मी केस मोकळे सोडून फिरू?"

"बरं बाई. मग गाडीच तुझ्या अंबाड्याच्या मापाची करू."

आणि दाराच्या खांबावर खडूने आकडा लिहिला. मी बघितला नाही. मला इंचाबिंचातलं काय कळतंय! मी क्रेटवरून उठताना गुडघा धरत होते.

त्याच दिवशी दुपारी ह्यांना धाप लागली आणि हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. पाय सुजले, फुप्फुसात पाणी झालं. आत दोन आठवडे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी डबा घेऊन निघाले होते. मुलगा गाडी चालू करून उभा. फाटकाशी म्हातारा. म्हणाला, "लव्ह, तो येईपर्यंत छप्पर मी करून टाकतो. घरी आल्यावर चकित होईल. त्याने एट लिहिलंय. फार आहे. तू एकदा येऊन बघतेस का?"

आता बघा. फाटकापासून गाडी वीस पावलांवर होती. मी डब्यातल्या खिचडीचा विचार करत होते. ती गार झाली की हे खात नसत. मी म्हटलं, "येस, येस. व्हॉट ही रोट, दॅट ओन्ली." ह्यांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असा माझा गाढा विश्वास. जन्मभर माप चुकलेलं नव्हतं त्यांचं.

म्हातारा दहा-बारा दिवस एकटा खपला. कापायचे आवाज मला येत होते. मी संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन सांगायचे, "तुमचा दोस्त कामाला लागलाय हं," आणि हे उशीवर हसायचे.

घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. मला मुलाने सांगितलं नाही, पण तो दोनदा रस्ता चुकला त्यावरून मला कळलं. गाडीतून उतरल्यावर हे घरात गेलेच नाहीत. वॉकर ढकलत आधी फाटकाकडे.

म्हाताऱ्याने वरची ताडपत्री ओढून काढली. छप्पर असं खाली आलेलं, की समोरची काच म्हणजे नुसती फट. पत्रपेटीला असते तशी. हे बघत राहिले. म्हातारा आनंदाने थरथरत होता. त्याने बाकावरून पत्र्याचा एक तुकडा उचलला, दाराच्या खांबातून कापलेला, खडूच्या आकड्यासकट जपून ठेवलेला. तो ह्यांच्या हातात दिला. "एट, मेट. जस्ट लाइक यू रोट."

मी शेजारी उभी होते. त्या तुकड्यावर ४ होता.

आपला चार. त्यांचा आठ दिसतो तसाच, फक्त वर तोंड उघडं. खडू जरा पसरला की तेवढंही कळत नाही.

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं. मग अंगठ्याने तो आकडा पुसून टाकला. सावकाश, धूळ झटकावी तसा. पँटला अंगठा पुसला आणि म्हाताऱ्याचा खांदा धरून म्हणाले, "बेस्ट जॉब, मेट. ब्यूटिफुल."

"आत बसून बघ!"

"टुमॉरो," हे म्हणाले. वाकणं शक्य नव्हतं त्यांना, आणि कुणालाच झालं नसतं.

घरात येऊन पलंगावर बसवलं, बूट काढले. मला रडू आवरेना. म्हटलं, "मी बघायला हवं होतं हो. त्याने मला विचारलं होतं. वीस पावलं नाही चालले मी."

"रडू नकोस. खाली इंग्रजी आकडा लिहायचा माझा राहून गेला. ते चुकलं माझंच."

"कापलेलं परत जोडता येईल ना? तुम्हीच म्हणायचात, लोखंड जोडता येतं."

"येतं. चार-पाच महिने लागतील." मग म्हणाले, "त्याला सांगायचं नाही. कधीच. बायको गेल्यापासून तो माणूस पहिल्यांदा हसतोय. मी चाललो, आणि मागे त्याला हे देऊन जाऊ?"

त्यानंतर तीन आठवडे होते. "टुमॉरो" रोज म्हणायचे. म्हातारा रोज खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा आणि सीट कशी खाली घेता येईल ते चित्र काढून दाखवायचा. हे माना डोलवायचे. शेवटच्या दिवशी सकाळी माझा अंबाडा सुटला होता, मी काटे तोंडात धरून बांधत होते, तर म्हणाले, "घट्ट बांध." दुपारी गेले.

आमची सगळी माणसं आली, सिडनीहूनही. पांढरे कपडे, मेणबत्त्या. हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील झालं. म्हातारा शेवटच्या रांगेत पांढरा शर्ट घालून उभा होता. तो शर्ट त्याने कुणाला विचारून घातला, मला माहीत नाही. हात जोडलेले, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. त्याला एक शब्द येत नव्हता.

मग त्याने एकट्याने गाडी पुरी केली. तपासणीसाला बोलावलं. तो म्हणाला, या काचेतून समोरचं काही दिसणार नाही, ही रस्त्यावर आणता येणार नाही. मला वाटलं, म्हातारा खचेल. तर तो उलट खूष! सगळ्यांना सांगायला लागला, "त्याला माहीत होतं पास होणार नाही. तरी आठ लिहिलं. असा बंडखोर माणूस मी पाहिला नाही." बंडखोर! सिग्नल हिरवा झाला तरी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडणारा माझा नवरा.

एकदा तो माझ्याकडे चहाला आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. मोठमोठे मराठी आकडे. "तुमचा आज कुठला दिवस आहे गं यात?" असं काहीतरी विचारत त्याने चारवर बोट ठेवलं. मी पटकन म्हटलं, "जुनं आहे ते, मागच्या वर्षीचं." तो गेल्यावर कॅलेंडर काढलं आणि कपाटात लावलं.

परवाच्या रविवारी समुद्राकाठी जुन्या गाड्यांचा मेळा होता. म्हाताऱ्याने ट्रेलरवर घालून गाडी नेली, मलाही नेलं. लोक वाकून वाकून बघत होते, फोटो काढत होते. प्रत्येकाला तो सांगे, "एट इंचेस. हिज कॉल." मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. मान हलवायची सवय झालीय आता.

मग त्याने दार उघडलं. "यू टर्न, लव्ह."

मी वाकून बघितलं. सीट अगदी तळाला बसवली होती, तरी अंबाडा आत जाईना. तिथेच उभी राहून मी एकेक काटा काढला. इतक्या लोकांत केस मोकळे सोडले, या वयात. आणि आत शिरले. तरी डोक्याला छप्पर लागत होतं, मान तिरकी करावी लागली. शेजारी ह्यांची जागा. मध्ये पान्याचा दांडा. त्यावर हात ठेवला तर तो उन्हाने तापलेला होता.

म्हातारा बाहेरून ओरडला, "कॅन यू सी द वॉटर?"

समोरच्या फटीतून लोकांचे पट्टे दिसत होते, एका मुलीच्या हातातलं वितळणारं आइस्क्रीम दिसत होतं. समुद्राचा आवाज येत होता. छप्पर चार इंच वर असतं तर दिसलाही असता.

"येस," मी म्हटलं. "व्हेरी नाइस." आणि काटे मुठीत धरून बसून राहिले.